कागदाची जाडी

मला मराठी आकडे नीट येत नाहीत. पन्नासपर्यंत ठीक चालतं. पुढे एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी अशी रांग लागली की मी मनातल्या मनात त्यांचं इंग्रजी करत बसते आणि तोवर बोलणारा पुढे निघून गेलेला असतो. भिंगारच्या ज्या शाळेत मी शिकले तिथे पाढेसुद्धा 'टू वन्झा टू' असेच होते. घरी आम्ही मराठीच बोलायचो, पण घरात कोणी एकशे सत्तेचाळीस पॉइंट तीनशे ब्याऐंशी असं काही बोलत नाही. मशीन शॉपमध्ये बोलतात. दिवसभर तेच बोलतात.

डिप्लोमा झाल्यावर नगरच्या एमआयडीसीतल्या एका लहान मशीन शॉपमध्ये, म्हणजे धातूचे भाग कापणाऱ्या कारखान्यात, मला नोकरी मिळाली. शॉपमध्ये म्हटलं तरी माझं टेबल ऑफिसात होतं, दाराच्या अगदी जवळ. काम चलनं बनवायचं, म्हणजे बाहेर जाणाऱ्या मालासोबतचे कागद. आत येणारा प्रत्येक जण 'साहेब आहेत का' असं मलाच विचारायचा आणि मी मान हलवायचे. काचेपलीकडे चार मशीनं दिसायची. मी मेकॅनिकल शिकलेली, आणि दिवसभर त्या काचेतून मशीनं बघत चलनं छापत होते. तक्रार करायचा माझा स्वभाव नाही. पण जेवणाच्या सुट्टीत मी डबा घेऊन मुद्दाम शॉपच्या बाजूच्या बाकावर बसायचे, एवढं खरं.

मग साहेबांनी प्रीसेटर मागवला.

प्रीसेटर म्हणजे काय हे मी आईला असं सांगितलं होतं. मशीनमध्ये ड्रिल, कटर अशी वेगवेगळी टूल्स लावतात. प्रत्येक टूल नेमकं किती लांब आहे ते मशीनला आधी सांगावं लागतं, नाहीतर ते कमी तरी कापतं किंवा जास्त तरी. प्रीसेटरवर टूल उभं करायचं. मागून उजेड पडतो, समोर कॅमेरा असतो आणि टूलच्या टोकाची काळी सावली पडद्यावर खूप मोठी होऊन दिसते. त्या सावलीच्या कडेला रेघ नेऊन टेकवली की लांबी येते, पार मायक्रॉनपर्यंत, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत. आई म्हणाली, म्हणजे तू सावल्या मोजणार. मी हो म्हटलं. त्याहून सोपं मलाही सांगता आलं नसतं.

यंत्र महिन्याच्या ट्रायलवर आलं होतं. साहेबांनी मला बोलावून सरळ सांगितलं की कॉम्प्युटर तुला येतो, हात स्थिर आहे, महिनाभर तू चालव. टूल बदलल्यावर पहिलाच जॉब, कापून निघालेला पहिलाच तुकडा, बरोबर निघाला पाहिजे, यंत्र त्याचसाठी आणलंय. तसं झालं तर ते ठेवून घेऊ आणि तू तिथेच राहा. नाही झालं तर ते परत जाईल, आणि तू चलनांवर. मी "चालेल सर" एवढंच म्हणाले. मग पाणी प्यायच्या निमित्ताने कूलरकडे गेले आणि भिंतीकडे तोंड करून जरा वेळ हसून घेतलं.

शॉपच्या कोपऱ्यात काचेची एक केबिन करून त्यात एसी लावला. प्रीसेटर तिथे, मीही तिथे. पहिल्या दिवशी सेटर मामा बघायला आले. चारही मशीनांची टूल्स लावायचं काम त्यांचं. पन्नाशी उलटलेला माणूस, शेवगावकडचा, दर सुट्टीला एसटीने गावाकडे जाणारा. शर्टाच्या खिशात पेन्सिल आणि वर्तमानपत्राच्या कापलेल्या पट्ट्या, बोटभर रुंदीच्या, एकसारख्या. साहेब शाळेत होते तेव्हापासून मामा या शॉपमध्ये आहेत. त्यांनी केबिनच्या दाराशी बूट काढले. मी नको म्हणेपर्यंत ते मोज्यांवर आत आलेसुद्धा.

मी एका कटरचं टोक पडद्यावर आणलं. त्यांच्या मागून आलेला ऑपरेटर अकोले तालुक्याच्या डोंगरातला, तिशीचा, मिशीवाला, आणि गप्प बसणं त्याला जमत नाही. तो म्हणाला, हा तर आमच्या गावामागचा कडा. इथून पाणी पडतं, इथं खाली भातखाचरं. त्याने पडद्याला बोट लावलं, त्याचा ठसा मी नंतर पुसला. मामांनी मात्र सावली वरपासून खालपर्यंत पाहिली. मग "चांगलं हाय" म्हणाले आणि बूट घालून गेले.

दुपारी त्यांनी दारातून आकडा विचारला. मी इंग्रजीत सांगितला. ते तसेच उभे राहिले. मी मराठीत सांगायला गेले आणि ब्याऐंशीच्या जागी ब्याण्णव म्हणून बसले, मग दुरुस्त केलं, मग दुरुस्तीत पुन्हा घोटाळा केला. मागून ऑपरेटर खिदळला. त्या दिवसापासून मी यंत्राच्या छोट्या प्रिंटरवर चिठ्ठी छापून टूलसोबत ट्रॉलीत ठेवायला लागले. मामा ट्रॉली ओढून न्यायचे, चिठ्ठीतला आकडा मशीनमध्ये घालायचे, आणि वापरून झालेली टूल्स चिठ्ठ्यांसकट ट्रॉलीतून परत यायची. कोणी कोणाशी बोलायची गरजच उरली नाही. ते कमी बोलणारे, मी त्याहून कमी. दोघांचंही भलं झालं असं मला वाटलं.

त्या वेळी शॉपमध्ये एका पंपाचं झाकण चाललं होतं. झाकणाच्या आत एक गोल पायरी कापायची असते आणि तिची खोली फार काटेकोर लागते. ती तपासायला एक गेज होतं, नेमक्या मापाचा ठोकळा. ते पायरीवर ठेवून कडेवरून नख फिरवायचं. नख अडकलं की जॉब गेला, लाल क्रेटमध्ये. पूर्वी मामा टूल बदललं की पहिला जॉब मुद्दाम कमी खोल कापायचे, तपासायचे, थोडं वाढवायचे, पुन्हा तपासायचे. त्यात वेळ जायचा पण जॉब वाचायचा. आता प्रीसेटरचा आकडा आहे म्हणून पहिल्याच फेरीत पूर्ण खोली घ्यायची असं साहेबांनी ठरवून दिलं.

आणि पहिला जॉब वाया जायला लागला. टूल बदललं की दर वेळी. पायरी खोल जायची. खोल गेलेली पायरी भरून काढता येत नाही. मग मामा आकडा थोडा थोडा सरकवून गेज बसेपर्यंत जुळवायचे आणि पुढचे सगळे जॉब ठीक निघायचे. किती सरकवलं ते कोणी लिहून ठेवत नव्हतं. गेज बसलं की झालं, हीच शॉपची रीत.

ऑपरेटरला तर आयताच विषय मिळाला. पहिला जॉब लाल क्रेटमध्ये ठेवताना तो हात जोडायचा. "मॅडमची दुर्बीण रोज नैवेद्य मागती," असं तो सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायचा. एकदा तर त्याने क्रेटमधल्या झाकणावर तुळशीचं पान ठेवलं होतं. शॉपमध्ये तुळस कुठून आणली कोण जाणे. मलाही हसू आलं, पण मी पडद्याकडे तोंड करून हसले.

केबिनमध्ये मात्र मला हसू येत नव्हतं. प्रीसेटरसोबत एक मास्टर आलेला असतो, ज्याची लांबी आधीच पक्की माहीत असते असा दांडा. तो सकाळी लावून बघायचा, बरोबर आला की यंत्र बरोबर. मी सकाळी बघत होते, जेवणानंतर बघत होते, निघतानाही बघत होते. तो रोज बरोबर यायचा. एकच टूल मी दहादा मोजलं, दहाही वेळा तेच. टूल बसायची जागा मऊ फडक्याने पुसून पुसून मी अशी करून टाकली की तिच्यात माझा चेहरा दिसायचा. तरी पहिला जॉब खोल. म्हणजे चूक माझ्या हाताची असणार, मला दिसत नाही एवढंच. मी हे कोणाला बोलून दाखवलं नाही. चलनांच्या टेबलावर तोवर कोणाला बसवलेलं नव्हतं. ते मोकळं टेबल मला काचेतून रोज दिसायचं.

दोन आठवडे असे गेले. मग मामा पुतणीच्या साखरपुड्यासाठी दोन दिवस गावी गेले. त्या दोन दिवसांत टूल्स ऑपरेटरने लावली आणि लाल क्रेट रिकामा राहिला. दोन्ही दिवस, दर वेळी, पहिला जॉब बरोबर. तो दिवसभर आपल्या हाताचं कौतुक करत फिरला. साहेबांनाही बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी मामा पेढे घेऊन आले, सगळ्यांना वाटले, मशीन लावलं, आणि पहिला जॉब गेला. ऑपरेटर म्हणाला, माझ्या हाताला नजर लागली.

मला वस्तू टाकून देववत नाहीत. ट्रॉलीतून परत आलेल्या चिठ्ठ्या मी बिस्किटांच्या एका डब्यात ठेवत आले होते. त्या दुपारी मी सगळ्या काढून टेबलावर मांडल्या. मामांच्या चिठ्ठ्यांवर माझ्या छापील आकड्याशेजारी पेन्सिलने बारीक अक्षरात दुसरा आकडा असायचा. तो मी पहिल्याच आठवड्यात पाहिला होता. चौथ्या दिवशी, अगदी नेमकं सांगायचं तर. मशीनचा काही वेगळा हिशेब असेल असं म्हणून मी ते सोडून दिलं होतं. आता सगळ्या चिठ्ठ्या एकत्र पाहिल्यावर दिसलं की पेन्सिलचा आकडा माझ्यापेक्षा दर वेळी कमी आहे, आणि दर वेळी सारखाच कमी आहे. सत्तर मायक्रॉन. टूल लांब असो की आखूड, बरोबर सत्तर. ऑपरेटरच्या दोन दिवसांच्या चिठ्ठ्या कोऱ्या होत्या. त्याने माझा आकडा जसाच्या तसा घातला होता.

टूल आहे त्यापेक्षा आखूड आहे असं मशीनला सांगितलं, तर ते तेवढं जास्त खाली उतरणार. पायरी तेवढीच खोल जाणार. हे कळायला मला एक मिनिट लागलं. पण सत्तरच का, ते कळेना. मामांचं मशीन माझ्या केबिनपासून पंधरा पावलांवर होतं. मी मनात मराठीत वाक्य तयार केलं, दोनदा सुधारलं, दारापर्यंत गेले आणि परत येऊन बसले.

उत्तर दुसऱ्या दिवशी न विचारताच मिळालं. चौथ्या, जुन्या मशीनला प्रीसेटरचे आकडे चालत नाहीत, तिथे टूल मशीनवरच घ्यावं लागतं. मामा ते घेत होते आणि मी ट्रॉली आणायच्या निमित्ताने जवळ उभी होते. त्यांनी खिशातली वर्तमानपत्राची पट्टी काढली. टूल जॉबच्या वर आणलं, मधे पट्टी धरली आणि दुसऱ्या हाताने चाक टिक टिक फिरवत टूल खाली आणलं. पट्टी बोटांनी मागेपुढे सरकत होती. ती अडकली तसे ते थांबले, आकडा घेतला आणि त्यातून काहीतरी वजा करून पेन्सिलने लिहिलं. जाताना त्यांनी पट्टी तिथेच टाकली. मी ती उचलली, केबिनमध्ये नेली आणि मायक्रोमीटरमध्ये धरली.

सत्तर.

ते कागद वजा करत होते. तीस वर्षं त्यांनी घेतलेल्या प्रत्येक आकड्यात मधे कागद होता, म्हणून हात आपोआप तेवढं काढून टाकायचा. माझ्या आकड्यात कागद कधी नव्हताच. पण हे त्यांना सांगणार कोण? यंत्र बसवायला आलेला माणूस मलाच शिकवून गेला होता, तोही इंग्रजीत. आणि मी चिठ्ठ्या छापत होते.

तो गुरुवार होता. महिना पुरा व्हायची वाट न बघता शनिवारी साहेब यंत्र बनवणाऱ्यांना फोन करून परत न्या म्हणून सांगणार होते, तसं त्यांनी दोनदा बोलून दाखवलं होतं. मी त्याच क्षणी साहेबांकडे जाऊन चिठ्ठ्या दाखवल्या असत्या तर माझं काम झालं असतं. पण साहेबांचा स्वभाव मला माहीत होता. ते वाईट नाहीत, पण काहीही सांगायचं असलं तरी शॉपच्या मधोमध उभं राहून मोठ्याने सांगतात. मामांची चूक त्यांनी तशी सांगितलेली मला ऐकवली नसती. शिवाय चौथ्या दिवशी दिसलेली पेन्सिल होतीच. ती फक्त मला माहीत होती.

घरी जाताना स्कूटीवर मी वाक्य जुळवत होते. 'मामा, तुमचं चुकतंय' हे तर शक्यच नव्हतं. 'मामा, एक विचारू का' याच्या पुढे माझी गाडी जाईना. भिंगारच्या बाजारात भाजी घेताना मी भाजीवालीलाही तेच म्हणाले, एक विचारू का. ती म्हणाली, विचार की, पण मेथी संपली.

शुक्रवारी चहा झाल्यावर मी एक मोजलेलं टूल आणि त्याची चिठ्ठी घेऊन मामांच्या मशीनपाशी गेले. चिठ्ठी एप्रनच्या खिशात ठेवली. आणि जे वाक्य मी जुळवलंच नव्हतं तेच तोंडातून आलं.

"मामा, मला कागद लावून टूल घ्यायला शिकवाल?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग केबिनकडे. ऑपरेटर शेजारच्या मशीनवरून म्हणाला की दुर्बीण परत चालली, मॅडमला आता पोटापाण्याचं बघावंच लागणार. मामांनी त्याला हाताने गप्प बसवलं आणि खिशातल्या पट्ट्यांतून एक निवडून मला दिली.

त्यांना एवढं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. कागद आतल्या साध्या पानाचाच घ्यायचा, गुळगुळीत पुरवणीचा नाही, तो वेगळा भरतो. ओल्या हाताने धरायचा नाही. अंगठा आणि पहिलं बोट, बाकीची बोटं लांब. पट्टी हलती ठेवायची, थांबू द्यायची नाही. टूल टेबलावरच्या ठरलेल्या ब्लॉकवर आणायचं, शेवटी शेवटी चाक एक टिक, एक टिक. जड झाला की थांबायचं. पुरता अडकला म्हणजे उशीर झाला.

पहिल्यांदा माझी पट्टी फाटली. मामांनी दुसरी काढून दिली. या वेळी मला ते कळलं. पट्टी सहज सरकत होती, एका टिकला ती बोटांत किंचित जड झाली, जसं कोणी दुसऱ्या टोकाला हलकेच धरावं. मी थांबले. मशीनच्या पडद्यावर आकडा आला, एकशे बत्तीस पॉइंट पाचशे चोवीस. मी तो मोठ्याने मराठीत वाचला आणि तो बरोबर आला.

"आता ह्यातनं सत्तर काढ."

"का मामा?"

"टोक ब्लॉकला टेकलंय कुठं? मधी कागद हाय ना."

मी वजा करून सांगितलं, चारशे चोपन्न. मग एप्रनच्या खिशातली चिठ्ठी काढून पडद्याशेजारी धरली. तेच टूल, प्रीसेटरवर मोजलेलं. चिठ्ठीवर चारशे बावन्न होतं.

मामांनी चष्मा लावला. चिठ्ठी माझ्या हातातून घेतली, मशीनच्या कडेवर टेकवली, आणि सवयीने खिशातली पेन्सिल काढली. पेन्सिल छापील आकड्याच्या शेजारी गेली आणि कागदापासून जराशी वर थांबली. तशीच राहिली.

"ह्यात कागद न्हाई," ते म्हणाले.

"नाही मामा. तिथे कशालाच काही टेकत नाही. नुसता उजेड असतो."

ऑपरेटरही त्याचं मशीन सोडून येऊन उभा राहिला होता, आणि त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच असावं, गप्प होता. मामांनी दुसरं टूल मागवलं. मी धावत जाऊन मोजून आणलं. त्यांनी ते स्वतः कागदावर घेतलं, सत्तर काढले, चिठ्ठीशी ताडून पाहिलं. एका मायक्रॉनचा फरक. मग त्यांनी चष्मा काढला.

"तुला कधी कळलं?"

"काल." मी तिथेच थांबू शकले असते. "पण पेन्सिल मी चौथ्या दिवशीच पाहिली होती."

"मग इचारायचं न्हाई?"

"तुम्हीही विचारलं नाहीत, मामा."

मला अजून कळत नाही की मी असं कसं बोलले. घरी मोठ्या माणसांना मी कधी असं बोललेली नाही. मामांचे खांदे हलायला लागले. आवाज न करता हसतात ते, हे मला तेव्हा कळलं. ऑपरेटरकडे वळून ते म्हणाले, "दोन मुकी एका शॉपात ठिवल्यावर दुसरं काय व्हणार."

साहेबांकडे ते स्वतःच गेले. मी मागोमाग जायला लागले तर मला तिथेच थांब म्हणाले. काचेतून मला दिसत होतं. मामा उभे, साहेब बसलेले. मामांनी खिशातून पट्टी काढून टेबलावर ठेवली, मग माझी चिठ्ठी ठेवली. साहेबांनी दोन्ही हातात घेतलं. माझ्या रिकाम्या टेबलाला टेकून मामा जे काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, पण साहेब ओरडले नाहीत. त्यांनी पट्टी उजेडाकडे धरून पाहिली, जणू तिच्यावर काही लिहिलेलं असावं.

मग ते दोघं बाहेर आले आणि साहेब शॉपच्या मधोमध उभे राहिले. पण ते म्हणाले ते एवढंच की आत्ताच्या आत्ता, माझ्यासमोर, नवं टूल लावा. मामांनी मला मशीनपाशी बोलावलं आणि आकडा तू घाल म्हणून सांगितलं. मी घातला. जसाच्या तसा. मामांची बोटं स्वतःच्याच खिशापाशी चाळवत होती. नंतर त्यांनी हात मागे बांधून घेतले.

मशीनचं दार बंद झालं. झाकणाची पायरी कापायला चार मिनिटं लागतात. त्या चार मिनिटांत दाराच्या काचेवर पाण्याचा फवारा तेवढा वाजत होता. जॉब निघाला. ऑपरेटरने तो हवेने साफ करून साहेबांना दिला, साहेबांनी मामांना, आणि मामांनी माझ्यापुढे धरला. मी गेज ठेवलं आणि नख फिरवलं. नख सरळ निघून गेलं. मला खरं वाटेना म्हणून पुन्हा फिरवलं.

साहेब म्हणाले, एक जॉब कोणाचाही निघतो. उद्या दिवसभर बघू.

शनिवारी दिवसभर टूल्स बदलली आणि दिवसभर पहिला जॉब बरोबर निघाला. दर वेळी मामा केबिनपर्यंत यायचे, बूट काढायचे आणि आकडा तोंडी विचारायचे. चिठ्ठी असतानाही. मी मराठीत सांगायचे. दोनदा चुकले, त्यांनी चिठ्ठीवरून दुरुस्त केलं. एकोणऐंशी म्हणजे ऐंशीला एक कमी, एवढं लक्षात ठेवलं की पुरे, असं त्यांनी सांगितलं. हे मला शाळेत कोणीच सांगितलं नव्हतं. ऑपरेटर लाल क्रेटपाशी येऊन उभा राहायचा आणि आज देव उपाशी म्हणून हळहळायचा.

संध्याकाळ झाली तरी साहेबांनी फोनही केला नव्हता आणि ठरलं असंही म्हणाले नव्हते. मी निघायची तयारी करत रेंगाळत होते. टूल बसायची जागा तिसऱ्यांदा पुसली. बाहेर माल न्यायला टेम्पो लागला होता. तो शेवगाव रस्त्याने जाणारा होता, आणि मामा त्यातूनच गावी जाणार होते. तेवढ्यात मामा आणि ऑपरेटर स्टोअरच्या मागून एक भलीमोठी लाकडी पेटी ढकलत आणताना दिसले. प्रीसेटर त्या पेटीतून आला होता. परत पाठवायला लागेल म्हणून तिची एक फळीसुद्धा कोणी काढली नव्हती.

साहेब ऑफिसच्या दारात आले. त्यांनी विचारलं की मामा, हे काय चाललंय.

"घरचे कवाधरनं मागं लागलेत. कोंबड्यांना खुराडं लागतंय," मामा म्हणाले. "लाकूड लई चांगलं हाय."

"अहो, पण यंत्र परत पाठवायचं झालं तर?"

"कशात पाठवताल?" मामांनी विचारलं आणि पेटीला खांदा लावला.

ऑपरेटरला एकट्याला दुसरी बाजू उचलेना. मी केबिनमधून बाहेर आले आणि कोपरा धरला. पेटी मला वाटली होती त्याहून जड होती. आम्ही तिघांनी ती टेम्पोच्या फाळक्यावर टेकवली, मग आत सरकवली. माझ्या एप्रनला लाकडाचा भुसा लागला. मागे वळून पाहिलं तर साहेब अजून दारातच होते, कमरेवर हात ठेवून. मला वाटलं, आता उतरवा म्हणतील.

ते टेम्पोवाल्याकडे वळले आणि म्हणाले, "दोरी दोन्हीकडून घे. खड्ड्यांत उडेल ती."